कुसळाची पेरणी

दिवाळीनंतर धारूरच्या किल्ल्याकडून माळावरनं चालत आलं, की धोतराच्या सोग्याला, साडीच्या निऱ्यांना कुसळं चिकटलेली असतात. उंबऱ्यावर बसून ती एकेक उपटायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, या म्हणीत कुसळ म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू. पण उपटलेलं एखादं तळहातावर घेऊन न्याहाळावं.

बुडाशी सुईसारखं टोक. त्यावर मागे वळलेले तपकिरी केस. वर दाणा, आणि दाण्यापासून निघालेलं, दोनदा वाकलेलं बोटभर लांब शेपूट. या शेपटाचा खालचा भाग सुंभासारखा पिळलेला असतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडला, की पीळ सुटू लागतो आणि कुसळ हातावर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. माळावर हेच काम दव आणि ऊन करतात. शेपूट काडीला अडतं, बूड सुताराच्या सामत्यासारखं मुरमात शिरतं, केस त्याला मागे येऊ देत नाहीत.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये कुसळांच्या या गवताला, म्हणजे कुसळीला, ‘पिळलेलं’ अशा अर्थाचं कॉन्टॉर्टस हे नाव दिलं. 1807 मध्ये पर्सूनने प्रजातीला हेटेरोपोगॉन म्हटलं, म्हणजे ‘वेगळी दाढी’. ते अगदी चपखल आहे. एकाच कणसात फुलांच्या खालच्या जोड्या बिनकुसळाच्या; वरच्या प्रत्येक जोडीत मादी फुलाला कुसळ, देठावरच्या नर फुलाला नाही. पिकल्यावर सगळी कुसळं शेंड्याशी वेणीसारखी गुंफतात. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण प्रदेशांत ही कुसळी पसरली आहे. हवाईत तिला पिली म्हणतात. तिथली जुनी घरं तिने शाकारलेली असत.

कुसळी कोवळी असताना उत्तम चारा. पिकली की मेंढ्यांच्या लोकरीतून कातड्यात घुसते. म्हणून जाणता माणूस ती वेळेत कापतो. ज्वारी आणि ऊस तिच्याच गणगोतातले. ज्वारी आम्हाला भाकरी देते, आणि ऊसतोडीपायी धारूरची कितीतरी बिऱ्हाडं कोयता घेऊन दूर जातात. नेमकी त्याच दिवसांत कुसळी पिकते. तांडे परतून, मृगाच्या पावसावर तिफण निघण्याच्या कितीतरी आधी, ओस माळावर तिची पेरणी उरकलेली असते.