संगणकाचीं चित्रें आणि निवड

दादरच्या एका स्नेह्यानें हौसेनें संगणकावर काढलेलीं, अंशांत पुनः समग्राचेंच रूप दाखविणारीं 'फ्रॅक्टल' चित्रें आम्हांकडे धाडलीं, एकदम ४०! यंत्राच्या चित्रांत कला कोठली, हा नेहमींचा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. संख्येच्या वर्गांत एक ठराविक संख्या मिळवावी व येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करावी, एवढ्याच सूत्रांतून १९८० च्या सुमारास मँडेलब्रॉट यांची सुप्रसिद्ध आकृति प्रकट झाली. मात्र सूत्रांत रंग नाहींत. कोणती संख्या किती फेऱ्यांत हाताबाहेर जाते, हें यंत्र सांगतें. तिला निळा रंग द्यावा कीं केशरी, आणि त्या अनंत कडेचा कोणता तुकडा चौकटींत घ्यावा, हें माणूसच ठरवितो.

आमचें गाऱ्हाणें निराळें आहे. सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वराच्या शिखरावर शिखराच्याच लहान लहान प्रतिकृति ओळींनीं चढत जातात. परंतु चारी बाजूंचे उभे पट्टे त्या गर्दीस आवर घालतात. गिरगांवांत पाडव्याला रांगोळी घालणारीही भोंवतालची जमीन मोकळी ठेवते. ह्या चित्रांपैकीं बहुतेकांत डोळ्यांस विसावा म्हणून नाहीं. आवर्तांत आवर्त, आणि वर इंद्रधनुष्याचे सातही रंग! एकच चित्र मनांत राहिलें: काळ्या पटावर कोपऱ्यांतून निघालेला फिकट निळा तंतु, बाकी सारें रिकामें. स्नेह्यानें तें ३७ व्या क्रमांकावर ठेवलें होतें.