सदुसष्ट चेहरे आणि एक निर्मनुष्य डोंगर

जिन-मी यून यांची 'अ ग्रुप ऑफ सिक्स्टी-सेव्हन' ही छायाचित्रकृती १९९६ साली व्हँकुव्हर आर्ट गॅलरीतील प्रदर्शनासाठी तयार झाली. तीत त्या शहरातले ६७ कोरियन स्त्री-पुरुष आहेत. पहिल्या मांडणीत प्रत्येक जण पासपोर्टच्या फोटोतल्यासारखा आपल्याकडे पाहतो. मागे लॉरेन हॅरिस यांचे १९२४चे जॅस्परमधील मलीन सरोवराचे चित्र. दुसऱ्या मांडणीत तीच माणसे आपल्याला पाठमोरी आहेत. त्यांच्यासमोर आहे एमिली कार यांनी रंगवलेले किनाऱ्यावरचे मूळनिवासींचे जुने गाव.

शीर्षकातील कोटी दुहेरी आहे. हॅरिस ज्यांतले एक होते त्या 'ग्रुप ऑफ सेव्हन'ने १९२० पासून डोंगर आणि सरोवरे रंगवून कॅनडाला राष्ट्रीय चेहरा दिला. १९६७ हे त्या देशाच्या शताब्दीचे वर्ष. त्याच वर्षी स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणपद्धती आली आणि आशियाई लोकांना दार उघडले. सोलमध्ये जन्मलेल्या यून पुढच्याच वर्षी, वयाच्या आठव्या वर्षी, व्हँकुव्हरला आल्या.

या कृतीचे सरळ वाचन असे की, राष्ट्राच्या चित्रातून वगळलेल्यांनी त्या चित्रासमोर उभे राहून आपला हक्क सांगितला. ते खरे आहे, पण अर्धेच. हॅरिस यांच्या डोंगरातून कोरियन माणसाच्या कितीतरी आधी दुसरेच लोक वगळले गेले होते. १९०७ साली जॅस्परचे राखीव उद्यान जाहीर झाले आणि १९१०च्या सुमारास तिथल्या मेटी कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या प्रदेशाच्या निर्मनुष्य रूपामागे सरकारी हुकूमही होता.

म्हणून मला दुसरी मांडणी अधिक मोलाची वाटते. डोंगरासमोर 'आम्हीही इथलेच' म्हणणारे चेहरे गावासमोर आले की आपल्याला दिसेनासे होतात. व्हँकुव्हर ज्या भूमीवर वसले, ती मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लील-वाउतुथ लोकांनी कोणत्याही तहाने दिलेली नाही. तिथे हक्काची भाषा अडखळणारच.

तरी एक उणीव उरते. इथे मूळनिवासी येतात ते एका गोऱ्या चित्रकर्तीच्या कुंचल्यातून. त्यांच्यापैकी कुणी आपल्याकडे उलटून पाहत नाही. पुढे २०२०च्या 'अनटनेलिंग व्हिजन'साठी यून कॅलगरीजवळ त्सूटइना लोकांच्या, पूर्वी लष्करी सरावाला वापरलेल्या जमिनीवर गेल्या. ती उणीव त्यांनाही जाणवली असावी.

१९६७च्या त्याच दारातून मराठी डॉक्टर-अभियंतेही कॅनडात गेले. त्यांची कहाणी आपण मायदेशाची ओढ आणि परक्या देशातली धडपड अशा दोनच पदरांनी वाचत आलो. ज्यांच्या जमिनीवर ते नवे घर उभे राहिले, त्यांचा तिसरा पदर आपल्या लेखनात क्वचितच येतो. यून यांच्या पाठमोऱ्या माणसांच्या ओळीत आपलेही कुणी उभे आहे.