'आम्ही' म्हणण्याचा अधिकार

युद्धकाळात परक्या फौजेच्या ताब्यात गेलेल्या देशांत देशभक्तिगीतं कशी लिहिली गेली, हा आजचा विषय. आपण दोनच गाणी घेणार आहोत, एक डॅनिश आणि एक फ्रेंच. प्रश्नही एकच: अशा गीतात 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार कवीला कुठून मिळतो?

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला. त्याच वर्षी कोपनहेगनच्या रंगमंचावर, गाणी आणि प्रहसनांच्या एका कार्यक्रमात, लिव्हा वील या गायिकेने पॉल हेनिंगसेन यांचं एक गाणं म्हटलं. हेनिंगसेन हे वास्तुविशारद. त्यांनी घडवलेले दिवे आजही जगभर ओळखले जातात. गाणं वरकरणी प्रेमाचं आणि लग्नातल्या बंधनांचं. पण सूर असा, की माणसाचं तोंड आणि हात बांधता येतील, विचार बांधता येणार नाही. देशाचं नाव नाही, झेंडा नाही. आक्षेप घ्यायचा तर कशावर घेणार? प्रेक्षकांना मात्र अर्थ कळला.

आता यावर आमची एक शंका आहे. मन मोकळं आहे ना, मग हात बांधलेले चालतील, असा सोयीचा अर्थही यातून निघू शकतो. एपिक्टेटस हा गुलामीतून आलेला तत्त्वज्ञ आतल्या स्वातंत्र्याबद्दल असंच बोलत असे. व्यक्तीला त्याने बळ मिळतं हे खरं, पण समाजाला ती पळवाटही ठरू शकते. डेन्मार्कचं सरकार तर ऑगस्ट १९४३ पर्यंत जर्मनांशी जुळवून घेतच कारभार करत होतं, हे विसरून चालणार नाही.

दुसरं गाणं याच्या अगदी उलट. 'शां दे पार्तिझां', म्हणजे छापामार लढवय्यांचं गीत. चाल आना मार्ली यांची. त्या रशियातून परागंदा झालेल्या कुटुंबातल्या. लंडनमध्ये असताना स्मोलेन्स्कच्या लढाईची बातमी वाचून त्यांना ती सुचली, आणि पहिले शब्दही रशियनच होते. १९४३ मध्ये जोझेफ केसेल आणि त्यांचे पुतणे मोरिस द्रुओं यांनी तिला फ्रेंच शब्द दिले. केसेल यांचा जन्म अर्जेंटिनातला, आईवडील रशियन ज्यू. म्हणजे या गीतातलं 'आम्ही' रक्ताच्या नात्यातून आलेलं नाही, ते पत्करलेलं आहे. बीबीसीवरच्या एका फ्रेंच कार्यक्रमाची ओळखधून म्हणून ही चाल शिट्टीवर वाजे. जर्मनांनी रेडिओवर घातलेल्या गोंगाटातूनही शिट्टी ऐकू येई.

हे गीत सुरी हाती घ्या म्हणतं, सुरुंग लावा म्हणतं. पूर्वी आमचं मत असं होतं, की लंडनमध्ये बसून दुसऱ्यांना मरायला सांगणं नैतिकदृष्ट्या लंगडं आहे. केसेल पुढे १९४४ मध्ये व्याप्त फ्रान्सवरून रात्रीची धोक्याची उड्डाणं करत होते, असं उत्तर कोणी देईल. ते आम्हाला पुरेसं वाटत नाही. कवी शूर निघाला म्हणून त्याची कविता खरी ठरत नाही.

मग मत बदललं कशाने? एका साध्या गोष्टीने. सप्टेंबर १९४३ मध्ये फ्रान्समधल्या एका भूमिगत नियतकालिकात हे गीत छापलं गेलं, ते विनासहीचं. कवीने आपला 'मी' काढून घेतला, म्हणून गाणाऱ्याला 'आम्ही' म्हणता आलं. हेनिंगसेननी सही ठेवली, पण अर्थ अर्धाच सांगितला. उरलेला प्रेक्षकांनी भरला. दोन्ही गीतांत एक जागा रिकामी सोडली आहे, आणि ती भरणारा स्वतःच्या जबाबदारीवर भरतो. डॅनिश गाण्याबद्दलच्या आमच्या शंकेचं उत्तरही इथंच आहे. ते गाणं पळवाट ठरलं की तयारी, हे गाण्यात ठरत नाही. ऐकणारा नाट्यगृहाबाहेर पडून काय करतो, त्यावर ठरतं.

म्हणून देशभक्तिगीताची कसोटी आवेश नव्हे. त्यातल्या 'आम्ही'ची किंमत कोण मोजतो, ही कसोटी. स्वातंत्र्यात, ध्वनिक्षेपकासमोर, आपण अशी गाणी म्हणतो तेव्हा धोका शून्य असतो. गाऊ नये असं नाही, जरूर गावं. पण तो 'आम्ही' आपण कमावलेला नाही, उसना घेतलेला आहे, एवढं भान ठेवून गावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.