'पहिली' या विशेषणापलीकडे : लीला राव-दयाळ यांच्या चरित्राचे पुनर्वाचन

प्रस्तावना : विम्बल्डन स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून लीला राव यांचे नाव घेतले जाते. १९३४ साली त्यांनी पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत त्या पराभूत झाल्या. क्रीडाविषयक लेखन बहुधा येथेच थांबते. संस्कृत साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद नाटककार म्हणून होते आणि तेथे टेनिस दुर्लक्षित राहते. एकाच स्त्रीची अशी दोन अपुरी चरित्रे का व्हावीत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

दुहेरी वारसा : लीला राव यांच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव (१८९०-१९५४) या वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. १९३२ साली पॅरिस येथे प्रकाशित झालेल्या 'सत्याग्रहगीता' या काव्यात त्यांनी गांधीजींच्या लढ्याला गीतेचा साचा दिला. त्या स्वतः टेनिसही खेळत. म्हणजेच रॅकेट आणि लेखणी या घरात परस्परविरोधी नव्हत्या. लीला राव यांनी आईच्या कथांची संस्कृत नाट्यरूपांतरे केली आणि भरतनाट्यावर 'नृत्तमंजरी' लिहिली. क्रीडांगण, नृत्य व रंगमंच या तिन्ही ठिकाणी देहाची शिस्त हेच माध्यम असते, हा धागा चरित्रकारांनी तपासलेला दिसत नाही.

मूल्यमापन : कथेत निवेदकाच्या करुणेतून दिसणारी स्त्री नाटकात स्वतः बोलू लागते, रूपांतराचे महत्त्व यात आहे. तथापि ती संस्कृतात बोलते. जिच्या दुःखाविषयी लिहिले, त्या सामान्य स्त्रीपर्यंत ते शब्द पोहोचणे कठीण होते. ही मर्यादा मान्य करावीच लागेल.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. जनाबाईंचे दळण-कांडण वगळून त्यांचे अभंग कोणी वाचत नाही. अर्थात, जनाबाईंचे कष्ट दास्यातून आलेले, तर लीला राव यांचा खेळ मुंबईतील सुस्थित, सुशिक्षित घराच्या आधाराने बहरलेला. १९३४ साली निजामाच्या राज्यात असलेल्या परभणीतील सर्वसामान्य मुलीला असे मैदान दुर्लभच होते. दोघींची तुलना करता येणार नाही; परंतु देहाचे श्रम आणि शब्द एकत्र वाचण्याची दृष्टी जनाबाईंच्या वाचनातून घेता येते.

निष्कर्ष : 'पहिली' हे विशेषण गौरव करते, पण त्याच वेळी आधीची आई, मागचे घर आणि नंतरचे लेखन झाकून टाकते. महाविद्यालयात संस्कृत, मराठी व शारीरिक शिक्षण हे विभाग एकाच इमारतीत असतात. त्यांनी हे चरित्र एकत्रितपणे अभ्यासले, तर विद्यार्थिनींना केवळ एका विक्रमाचे साल नव्हे, तर तो विक्रम शक्य करणारी आणि इतरांना नाकारली गेलेली परिस्थितीही समजेल.