एका पळाचा फोटो

कोकणातल्या लोट्याच्या सड्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की ध्रुव शोधायला मान फारशी वर करावी लागत नाही. हात लांब करायचा, वीत उभी धरून करंगळी क्षितिजाला टेकवायची. अंगठ्याच्या टोकाच्या किंचित खाली तो असतो. इथला अक्षांश साडेसतराच्या आसपास, म्हणून ध्रुवाची उंचीही तेवढीच. पूर्वेला सह्याद्रीची काळी कड, दक्षिणेला परशुराम घाटापलीकडून वर येणारा चिपळूणचा उजेड आणि खाली औद्योगिक वसाहत: रात्रपाळीचे दिवे, वाफ, आणि त्या वाफेला चढलेला रंग. ताऱ्यांचे फोटो काढायला इथे कोणी थांबत नाही. कॅमेरेवाली मंडळी खालच्या महामार्गाने लोटे ओलांडून समुद्राकडे जातात, नाहीतर घाट चढून किल्ल्यांकडे. मराठी मुलखातल्या या कलेचं जे चुकतंय, ते मला या न थांबण्यात दिसतं.

साधनांची तक्रार आता कोणी करू नये. फिल्मच्या काळात शटर केबलने उघडं धरून बसायचं आणि रोल धुऊन येईपर्यंत हाती काय लागलं याचा पत्ता नसायचा. आज साध्या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स, एक ट्रायपॉड आणि आयएसओ ३२०० एवढ्यावर आकाशगंगा उमटते. हिशेब तोंडपाठ होण्यासारखा आहे. ५००ला फोकल लेंग्थने भागायचं; येतील तेवढे सेकंद तारे ठिपके राहतात, पुढे त्यांच्या रेघा होतात. लहान सेन्सर असेल तर फोकल लेंग्थ आधी दीडपट धरायची, म्हणजे १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद. २०१९ साली गूगलच्या पिक्सेल ४ने फोनलाही चार मिनिटं आकाशाकडे बघायला शिकवलं.

शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. मुंबईचं खगोल मंडळ १९८५चं, हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांतलं. त्यांच्या वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्रींनी कित्येकांना पहिल्यांदा मृग आणि व्याध ओळखायला लावले. २०२१मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या तरुणाने पन्नास हजारांहून जास्त फ्रेम जुळवून चंद्राचा फोटो केला आणि तो जगभर पाहिला गेला. पण ते दुर्बिणीचं काम, आपल्या विषयाच्या शेजारचं. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ही ओळख मिळाली. म्हणजे कॅमेरे आहेत, गुरू आहेत, काळोखही राखून ठेवलेला आहे. मग फोटो एकाच साच्यातले का?

साचे मोजके आहेत. पहिला किल्ल्याचा: खाली तटबंदी किंवा तंबू, तंबूत दिवा, वर आकाशगंगा उभी. दुसरा समुद्राचा: तेच, फक्त तंबूच्या जागी होडी. तिसरा चक्राचा: ध्रुवाभोवती तीन-चार तासांची गरगर. चौथा काजव्यांचा, भंडारदऱ्याकडचा: वळिवानंतरच्या रात्री काढलेल्या शंभर-दीडशे फ्रेम एकावर एक चढवून झाड पेटल्यासारखं दिसेल असा. यातला एकेक प्रकार पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा आला होता, हे कबूल. आता कंटाळा येतो, आणि त्याचं कारण नुसता सराव नव्हे. हे फोटो कुठे आणि केव्हा काढले, ते त्यांच्याकडे बघून सांगता येत नाही. पुष्कळदा ते मुद्दामच पुसलेलं असतं.

आकाशगंगेचा दाट, फुगीर भाग धनू आणि वृश्चिकाकडे आहे. आपल्याकडून तो दक्षिणेतच सर्वांत उंच येतो आणि तेव्हाही क्षितिजापासून त्रेचाळीसेक अंशांवरच असतो. फेब्रुवारीत पहाटे, मे महिन्यात जवळजवळ रात्रभर, आणि मग कोकणात पाऊस. डिसेंबरात सूर्य त्याच बाजूला असल्यामुळे तो भाग दिसतच नाही. तरी ३१ डिसेंबरच्या मुक्कामाच्या जाहिरातीत तो समुद्रावर उगवलेला असतो, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या दरवाजावर तो टेकवलेला मी पाहिला आहे. ते पाहायला खगोलशास्त्र लागत नाही; शेणाने सारवलेल्या अंगणात झोपलेल्या कुठल्याही आजीने ही चूक पकडली असती.

आकाशाच्या फोटोची ही ताकदच आहे: त्याची उलटतपासणी घेता येते. ॲन्सल ॲडम्सचा हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो जगप्रसिद्ध आहे, पण तो केव्हा काढला ते खुद्द ॲडम्सला आठवत नव्हतं. चंद्राची जागा मोजून डेनिस दि चिको यांनी १९९१मध्ये तारीख काढून दिली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. काढणारा विसरला तरी फोटोला वेळ आठवत होती. उलट २०२३मध्ये सॅमसंगच्या फोनवरून वाद झाला. कोणीतरी पडद्यावर मुद्दाम अंधुक केलेला चंद्र दाखवला आणि फोनने त्यावर स्वतःच खळगे काढून दिले. असा चंद्र कुठल्याच रात्रीचा नसतो.

कोकणाला आकाशाचे फोटो नवे नाहीत. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकिअर विजयदुर्गावर उतरला होता, सोबत वर्णपट टिपणारे प्रिझमचे कॅमेरे घेऊन. आपल्या मुलखातल्या आकाशछायाचित्रणाचा हा फार मोठा दिवस. पण किल्ल्यावर आज सांगतात ते वेगळंच: हेलियमचा शोध इथेच लागला. हेलियमची पिवळी रेषा आधी दिसली ती १८६८च्या ग्रहणाच्या वर्षी, आणि लॉकिअर तेव्हा इंग्लंडात होता. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं एकावर एक चढवून केलेलं हे तोंडी कॉम्पोझिट. दिसायला सुंदर, आणि खऱ्या घटनेला झाकून टाकणारं.

मी कॉम्पोझिटच्या विरोधात नाही. फ्रेम चढवल्याशिवाय साध्या कॅमेऱ्यातून ताऱ्यांच्या स्वच्छ रेघा मिळत नाहीत. प्रश्न एवढाच, की चढवलेल्या फ्रेम एकाच काळाचे सलग तुकडे आहेत की सोयीने वेचलेल्या. काजव्यांच्या फोटोत तासाभराची लुकलुक एका क्षणाची म्हणून विकली जाते, आणि ती पाहून आलेला पर्यटक खऱ्या झाडाखाली निराश होतो. ‘एवढेच?’ असं तो म्हणतो. खऱ्या गोष्टीला कमी ठरवणारी कला कुठेतरी चुकलेली असते.

मग नीट काय? त्याचं माप आपल्याच शेजारी पडलेलं आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली जन्मले ते दापोलीजवळच्या मुरुडात, म्हणजे लोट्याच्या शेजारच्या तालुक्यात. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, तिचा साठावा भाग पळ, म्हणजे चोवीस सेकंद. आता गंमत पाहा. साध्या रुंद लेन्सने तारे ठिपके राहतील असा वेळ याच्याच आसपास येतो. कॅमेऱ्यात चोवीसची पायरी नसते, पंचवीसची असते. एका पळाला सेकंदभर वर. एका पळात आकाश अंशाच्या दहाव्या भागाने सरकतं, चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. अशा एकशेवीस फ्रेम म्हणजे दोन घटका, आणि ताऱ्यांच्या बारा अंशांच्या रेघा. चक्रं गरगरवणाऱ्यांना त्या तोकड्या वाटतील. पण तेवढीच रेघ वाचता येते: कुठे सुरू झाली, कुठे संपली, किती वेळ गेला.

पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर, मी सड्यावरून पूर्वेकडे असा एक फोटो केला. मृग हा आपल्याकडे पावसाचा; जूनमध्ये शेतकरी त्याची वाट बघतो तेव्हा सूर्य तिथे असल्यामुळे तो दिसत नाही. दिसायला लागतो तो भात पिवळं झाल्यावर, रात्री अकराच्या सुमाराला सह्याद्रीच्या कडेवर. एका ठळक ताऱ्यावर हाताने फोकस केला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि सतरंजी टाकून बसलो. सत्तराव्या फ्रेमच्या पुढे लेन्सवर दव धरलं. ते उशिरा लक्षात आलं. खालून पांढरा उजेड तर होताच. जुने सोडियमचे दिवे पिवळ्यातच असायचे, त्यामुळे त्यांचा रंग थोडाफार वजा करता यायचा. एलईडीचा पांढरा सगळ्या रंगांत मिसळतो आणि दमट हवेत पसरतो.

घरी फ्रेम चढवल्या आणि खालचा भाग कापून टाकायला हात गेला. मग थांबलो. रेघा जवळजवळ उभ्या उठल्या होत्या, किंचित उजवीकडे कलून: मृगातल्या काक्षी ताऱ्याची तांबूस, राजन्याची निळसर. वरच्या टोकाला दोन्ही दवाने पुसट होत गेलेल्या. खाली वाफ पिंजून पडलेली. आणि अगदी तळाच्या कोपऱ्यात पाळी बदलल्यावर निघालेल्या गाड्यांच्या दिव्यांची एक लाल आणि एक पांढरी रेघ. मृग कड ओलांडून किती वर आला यावरून वेळ काढली तर अकरा येतात. पाळी अकराला सुटते.

हा फोटो सुंदर नाही. एका स्पर्धेतून तो परतही आला, ‘प्रकाशप्रदूषण’ एवढा शेरा घेऊन. शेरा बरोबर आहे. तिथे प्रकाशप्रदूषण आहे, आणि त्याच्या डोक्यावर त्या रात्री मृगही होता. फोटो दोघांची वेळ सांगतो, आणि ती जुळते.