'पिकारेस्क' : एका विशेषणाची मर्यादा

मराठी समीक्षेत पाश्चात्त्य संज्ञांची चिकित्सा पुष्कळ होते. विशेषणे मात्र बिनचौकशीने वावरतात. 'पिकारेस्क' हे त्यांपैकी एक. प्रसंगमालिकेसारखी सैल रचना आणि भटका निवेदक दिसला की ते लावले जाते. नागपुरात एम. ए.च्या वर्गात मीही ते 'उचल्या'ला लावीत असे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा नायक लबाड आहे, हे कोणी ठरवले?" त्या प्रश्नाने या विशेषणाकडे नव्याने पाहणे भाग पडले.

'पिकारो' हा स्पॅनिश शब्द. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. 'टोचणे, चिरणे' या अर्थाच्या 'पिकार' या क्रियापदाशी तिचा संबंध जोडला जातो. स्वयंपाकघरात पडेल ते काम करणारा पोऱ्या आणि लबाड, उनाड माणूस असे त्याचे अर्थ. त्यावरून 'पिकारेस्को' आणि पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी 'पिकारेस्क'. या प्रकारची आद्य कृती मानली जाणारी 'लाझारिल्यो दे तोर्मेस' १५५४ साली निनावी प्रसिद्ध झाली. तीत 'पिकारो' हा शब्दच नाही. तो मातेओ आलेमानच्या 'गुस्मान दे आल्फाराचे'नंतर (१५९९) या वाङ्मयाशी निगडित झाला. म्हणजे आद्य कृतीवरही हा शिक्का मागाहूनच बसला आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) प्रथमपुरुषी निवेदन आहे, भूक आहे, तळातून दिसणारा समाज आहे. साम्य खरे आहे. पण ते रचनेपुरते. लाझारो कुणा वरिष्ठाला उद्देशून आपल्या 'प्रकरणा'चा खुलासा करतो आणि अखेर प्रस्थापित व्यवस्थेत आपली सोय लावून घेतो. त्याची लबाडी हे त्याचे वैयक्तिक कौशल्य असते. वाचक त्याला हसून दाद देतो. गायकवाडांच्या निवेदनामागे मात्र अख्खी जमात आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली कायदा रद्द झाला, तरी संशय उरला. येथे प्रस्थापितांपुढे खुलासा नाही. त्यांच्यावरच आरोप आहे.

'पिकारेस्क' हे केवळ रचनावाचक विशेषण नाही. त्यात नायकाच्या चारित्र्याविषयीचा निवाडा दडलेला आहे. कायद्याने मारलेला शिक्का समीक्षेने नकळत पुन्हा मारावा, हे अनुचित होय. 'उचल्या'च्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक 'द ब्रँडेड', म्हणजे 'डाग दिलेले', असे आहे. ते विशेषण डाग देणाऱ्या हाताकडे बोट दाखविते. 'पिकारेस्क' तो हात झाकते. रचनेविषयी बोलताना ते अवश्य वापरावे, माणसाविषयी बोलताना नव्हे.