हात थोर, चिकित्सा थोडी

जासईवरून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे कंटेनरच्या रांगा सरकत असतात. रस्त्याच्या कडेला हळदीचे, वाढदिवसांचे, शुभेच्छांचे फ्लेक्स. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या या जन्मगावातही फलकावरचं अक्षर संगणकातलंच, कुठल्याही गावात खपेल असं. ब्रशने पाट्या रंगवणारा पेंटर फ्लेक्सने कधीच मागे सारला. दुसरीकडे, जासईपासून फार लांब नसलेल्या नवी मुंबईत सुलेखनाची शाळा चालवणाऱ्या अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. कलेला मान आहे, अक्षराला वाली नाही. हे कसं?

उत्तरासाठी चीनकडे पाहावं. तिथे सुलेखन मोठं झालं ते थोर हातांमुळे, तसंच त्या हातांच्या चिकित्सेमुळे. सुलेखनकार वांग शीचीने ३५३ साली लानथिंगच्या कविमेळाव्यात लिहिलेल्या प्रस्तावनेची मूळ प्रत आज नाही. थांग सम्राट थायझोंगच्या पदरच्या लोकांनी काढलेल्या नकलांवर ती जगली आणि पुढच्या पिढ्यांनी तीच गिरवली. बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी सुलेखनकार यान झेनचिंगने ७५८ साली शोकलेखाचा मसुदा लिहिला. त्यात खाडाखोड आहे, शाई सुकत गेलेली दिसते. तरी तो अभिजात मानला जातो. अक्षराचं हाड कुठे, मांस कुठे, हे सांगणारी भाषा तिथल्या समीक्षेने घडवली.

आपल्याकडेही अशी सुरुवात होती. बोरूने झरझर लिहिल्या जाणाऱ्या मोडी लिपीत चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणं ओळखली जात. वळणाला घराण्याचं किंवा माणसाचं नाव मिळणं म्हणजे शैलीची जाण असणं. पण पेशवे दफ्तरातले कागद आपण इतिहासासाठी वाचले. मजकूर उतरवून घेतला आणि हात बाजूला ठेवला. शाळांतून मोडी गेल्यावर तर ती नजरच हरपली.

ती परत आणण्याचं मोठं श्रेय र. कृ. जोशींचं. जाहिरात, कविता, आयआयटी मुंबईतलं अध्यापन या सगळ्यांत ते अक्षराचाच विचार करत राहिले. त्यांचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमधून घरोघरी पोहोचला. तो वापरणाऱ्या बहुतेकांना जोशी ठाऊक नाहीत. कमल शेडगे यांची वाट वेगळी. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत नावाचं अक्षरच नाटकाचा स्वभाव सांगायचं. मोजकी जागा, काळी शाई आणि मजकुराशी इमान: शेडगे यांची ताकद या बंधनांत होती. पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून तिची गती देवनागरीत आणली, रुंद ब्रश हाती धरला आणि सुलेखन मंचावर नेलं. सामान्य प्रेक्षक या कलेकडे वळला तो बराचसा त्यांच्यामुळे.

मात्र मंचाचे धोकेही आहेत. पालवांमागून आलेल्या बऱ्याच कामांत वेग दिसतो, वळण दिसत नाही. शिरोरेषा फेकली, रंगाचे शिंतोडे उडवले की सुलेखन झालं, अशी समजूत वाढते आहे. वेलांटीचं वजन, जोडाक्षराची बांधणी, दोन अक्षरांमधली मोकळी जागा यांचा हिशेब कोणी मागत नाही. परीक्षण छापून येतं तेही बहुधा कौतुकाचं. चांगल्या हाताची नक्कल करण्याची शिस्त आपल्याकडे कमीपणाची मानली जाते, म्हणून प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी स्वतःची शैली शोधू लागतो.

उपाय खर्चीक नाही. दफ्तरांतल्या निवडक पत्रांच्या मूळ आकारातल्या प्रतिमा वळणांनुसार छापून गिरवण्यासाठी उपलब्ध व्हाव्यात. शेडगे यांच्या शीर्षकांचा, जोशींच्या आराखड्यांचा सलग अभ्यास व्हावा. आणि प्रदर्शनाच्या परीक्षणात एखादा ‘क्ष’ का फसला, हे नाव घेऊन लिहिण्याची हिंमत समीक्षकाने दाखवावी. तशी चिकित्सा रुजली, तर फ्लेक्स छापणाऱ्यालाही चांगलं अक्षर कुठलं हे विचारावं लागेल.